वाचकांचे प्रश्न : जळगावहून उड्डाण आखताना

गेल्या काही महिन्यांत लहान विमानांच्या उड्डाण नियोजनावर बरीच पत्रे आली. त्याचे कारण उघड आहे. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये उड्डाण प्रशिक्षणासाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारीबरोबर जळगावही होते. शिरपूर आणि धुळ्याच्या धावपट्ट्यांवर तर त्याआधीपासून शिकाऊ विमाने दिसतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत. उदाहरणांतले आकडे सरावापुरते समजावेत. प्रत्यक्ष उड्डाणाला तुमच्या विमानाची पुस्तिका आणि त्या दिवसाचे हवामानच धरायचे.

प्रश्न : जळगाव ते छत्रपती संभाजीनगर हा सरावाचा मार्ग आखला. अंतर माझे जवळपास ७२ नॉटिकल मैल आले, मित्राचे ६७. वारा धरल्यावर दोघांची हेडिंगही (नाक धरायची दिशा, अंशांत) वेगळी निघाली, माझे २०१ आणि त्याचे १८१. बरोबर कोण?
— प्रशिक्षणार्थी, जळगाव

अंतरात मित्र बरोबर, हेडिंगमध्ये तुम्ही. दोन्ही चुका नेहमीच्या आहेत, म्हणून नीट पाहू.

एक नॉटिकल मैल म्हणजे अक्षांशाचे एक मिनिट (पुढे नुसते मैल म्हटले तरी नॉटिकल मैलच). डिव्हायडरने घेतलेले अंतर नकाशाच्या उभ्या रेषेवर, म्हणजे रेखावृत्तावर छापलेल्या मिनिटांवर लावायचे. तुम्ही ते आडव्या रेषेवर लावले असणार. विषुववृत्तापासून दूर जावे तशी रेखांशाची मिनिटे आखडत जातात. आपल्याकडे २०-२१ अक्षांशांवर रेखांशाचा एक अंश ६० नव्हे, ५६ मैलांचा भरतो. ६७ मैलांचे ७२ झाले ते यामुळे. पडताळा सोपा आहे. दहा लाखास एक या प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर, म्हणजे ५.४ मैल. साधी पट्टी लावली तर साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास यायला हवे.

आता वारा. ट्रॅक, म्हणजे जमिनीवर आखलेल्या वाटेची दिशा, १९१. विमानाचा खरा वेग, म्हणजे हवेतला वेग, ११० नॉट (ताशी नॉटिकल मैल), वारा २७० अंशांवरून २० नॉट. हवामान खाते वारा *कुठून* येतो ते सांगते. मित्राने तो *कुठे* जातो असे धरले. फ्लाइट कॉम्प्युटरच्या तबकडीवर वाऱ्याचा ठिपका केंद्राच्या वर काढायचा की खाली, यात गोंधळ झाला की हे होते. वारा ट्रॅकशी ७९ अंशांचा कोन करतो, उजवीकडून. आडवा भाग १९.६ नॉट, समोरचा भाग जेमतेम ४. नाक उजवीकडे, वाऱ्यात, १० अंश वळवायचे, म्हणून हेडिंग २०१. ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग, १०४ नॉट, वेळ साडेअडतीस मिनिटे. चुंबकीय फरक, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन, आपल्या भागात जेमतेम एखाद्या अंशाचा आहे, तरी त्याचा रकाना रिकामा सोडू नका. उद्या दुसऱ्या प्रदेशात उडाल तेव्हा तोच रकाना घात करेल.

मित्राच्या हेडिंगने काय झाले असते? त्याने नाक डावीकडे १० अंश नेले आणि वाऱ्याने त्याच दिशेला आणखी १० अंश ढकलले. एकूण चूक २० अंश. साठास एकचा नियम सांगतो की ६० मैलांत एक अंश म्हणजे एक मैल. तेव्हा ६७ मैलांत तो साधारण २२ मैल पूर्वेला, जालन्याच्या अलीकडे निघाला असता.

ही चूक हवेत पकडता येते, पण खुणा आधी ठरवल्या असतील तरच. या रेषेवर पाचोरा उजवीकडे बारा मैलांवर राहतो, जामनेर डावीकडे दहा मैलांवर, आणि सिल्लोड डावीकडे नऊ मैलांवर. फुलंब्री मात्र जवळजवळ रेषेवर आहे. ४० मैल गेल्यावर सिल्लोड पोटाखाली आले, तर ९ ला ४० ने भागून ६० ने गुणा, साडेतेरा अंश. वाऱ्याचा अंदाज थोडाफार चुकला म्हणून दोन-चार अंशांची चूक निघते, तेराची निघत नाही. एवढा कोन दिसला की लॉग, म्हणजे उड्डाणाच्या हिशेबाचा कागद, पुन्हा वरपासून वाचायचा, हेडिंगचाच हिशेब उलटा झालेला असतो.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे ४४ अंश तापमान असते. सेसना १७२ एसच्या पुस्तिकेतला टेक-ऑफचा तक्ता ४० अंशांना संपतो. पुढचे चार अंश वाढवून घेतले तर चालेल का?
— धुळे

नाही. तक्ता संपला तिथे उत्पादकाने दिलेली माहिती संपली. रेघ पुढे ओढून काढलेल्या आकड्याला कोणाचाच आधार नसतो. मात्र पन्नास-शंभर फूट जास्त धावपट्टी लागली तर काय बिघडले, असा विचार प्रश्नामागे असेल तर आधी त्या तापमानात विमानाचे काय होते ते पाहू.

जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० फुटांवर आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब, १००३ हेक्टोपास्कल आहे असे धरा. प्रमाण दाब १०१३. फरक १०, दर हेक्टोपास्कलला ३० फूट, म्हणजे दाब-उंची (प्रमाण दाबाच्या पातळीपासूनची उंची) ११४०. या उंचीला प्रमाण तापमान १२.७ अंश असायला हवे. आहे ४४. फरक ३१.३. दर अंशाला १२० फूट धरले की ३७५६ वाढतात. घनता-उंची झाली ४९०० फूट. म्हणजे विमान आणि इंजिनाच्या दृष्टीने जळगावची धावपट्टी दुपारी तोरणमाळच्या पठाराहूनही उंच आहे.

आता तीच धावपट्टी सकाळी सहाला पाहा. तापमान २८, क्यूएनएच १००५. दाब-उंची १०८०, घनता-उंची २९०० फूट. काही तासांत दोन हजार फुटांचा फरक पडला.

१७२ एसच्या तक्त्यात पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीवर, २० अंशांना, ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत सुमारे १७०० फूट लागतात. १००० फूट दाब-उंचीला ४० अंशांवर हाच आकडा २१०० च्या पुढे जातो. ४४ अंशांची दुपार नुसती समजून घ्यायची असेल, तर ४० अंशांवर ४९०० ची घनता-उंची कोणत्या दाब-उंचीला येते ते काढा. ती साधारण १५३० येते. त्यावरची ओळ २००० ची आहे आणि तिथे साडेतेवीसशे फुटांच्या आसपास आकडा दिसेल. हे परिस्थितीची कल्पना येण्यापुरते आहे. या आकड्यावर उड्डाणाची सही करायची नाही.

जळगावची धावपट्टी सुमारे १७०० मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांहून लांब आहे. तिथे लांबी पुरते. खरा प्रश्न चाके सुटल्यानंतरचा आहे. चढण्याचा वेग बराच घटतो, तेलाचे तापमान चढते, आणि तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या झोतांत विमान उचलले-आपटले जाते. नाक वर धरून चढावे तर इंजिनाला वारा कमी लागतो. खाली धरावे तर उंची मिळत नाही. लहान किंवा कच्च्या धावपट्टीवर तर लांबीही आड येते. कोरड्या गवतासाठी पुस्तिका जमिनीवरच्या धावेच्या १५ टक्के जास्त धरायला सांगते. पाठीमागून वारा असेल तर दर दोन नॉटला १० टक्के, तेही १० नॉटपर्यंतच.

उत्तर एका वाक्यात हवे असेल तर उन्हाळ्यात उड्डाणाची वेळ हाच नियोजनाचा पहिला आकडा असतो. सहाला चाके उचलायची असतील तर इंधन आदल्या संध्याकाळी भरून, मोजून ठेवा. लांबच्या मार्गावर निघाला असाल तर *उतरण्याच्या* वेळचे तापमानही काढा. सकाळी २८ मध्ये निघालेला विद्यार्थी साडेअकराला ४१ मध्ये परततो आणि पुन्हा उड्डाणासाठी सकाळचाच हिशेब वापरतो, ही चूक आम्ही वारंवार पाहतो.

प्रश्न : कॅरॅव्हॅनसारख्या एक-इंजिनी टर्बोप्रॉपसाठी जळगाव–मुंबई इंधन काढले. प्रवासाचे इंधन अधिक ४५ मिनिटे असे धरले. शिक्षकांनी उत्तर खोडले, पण कारण समजले नाही.
— चोपडा

४५ मिनिटांचा अंतिम राखीव साठा पिस्टन इंजिनासाठी असतो. टर्बाइन इंजिनाला (टर्बोप्रॉपही त्यातच) ३० मिनिटे, १५०० फुटांवर घिरट्या घालण्याच्या वेगाने. पण उत्तर खोडले ते यासाठी नसावे. व्यावसायिक उड्डाणात इंधन थरांनी मांडावे लागते आणि तुम्ही मधले दोन थर गाळले.

अंतर सुमारे १९२ मैल. खरा वेग १६५ नॉट, समोरून १५ नॉटचा वारा, म्हणजे १५० नॉटने एक तास सतरा मिनिटे. ताशी ३६० पौंड धरले तर ४६२ पौंड, चढणीसाठी १८ वाढवून प्रवासाचे ४८०. इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जाण्यासाठी ३५. आता अनपेक्षित खर्चाचा थर, ज्याला सगळे कंटिजन्सी म्हणतात. प्रवासाच्या ५ टक्के २४ पौंड होतात, पण हा थर पाच मिनिटांच्या घिरट्यांपेक्षा कमी चालत नाही. ताशी ३०० पौंडांनी पाच मिनिटांचे २५. दोन्हींत मोठा तो घ्यायचा, म्हणून २५. मुंबईला उतरता आले नाही तर पुणे, ६७ मैल, त्याचे १६५. अंतिम राखीव १५०. बेरीज ८५५ पौंड.

वाहतूक नियंत्रक थांबवून ठेवतील, वाटेत वादळ वळसा घालायला लावेल असे वाटत असेल, तर कप्तान यावर आणखी घेतो. मुंबईला जाताना तसे वाटायला बहुतेक वेळा कारण असते.

इथपर्यंत गणित बरोबर आले तरी धोका टळलेला नसतो. पुस्तिका पौंडांत बोलते आणि टँकरवाला लिटरमध्ये. ८५५ पौंड म्हणजे ३८८ किलो. जेट ए-१ ची घनता ०.८ धरली तर ४८५ लिटर. घाईत कोणी ३८८ हाच आकडा लिटर म्हणून सांगितला, तर विमानात ३१० किलो, म्हणजे ६८४ पौंड इंधन जाते. कमी पडले १७१ पौंड. वरचे थर पुन्हा पाहा, पुण्याला जाण्याचे १६५ पौंड पूर्ण गेले आणि वर आणखी सहा. कॉकपिटमध्ये बसल्यावर काही वेगळे जाणवणार नाही. मुंबईवरून वळायची वेळ येईल तेव्हाच कळेल.

१९८३ मध्ये कॅनडात एका बोईंग ७६७ चे इंधन ४१ हजार फुटांवर संपले, ते याच जातीच्या चुकीने. लिटरचे वजन काढताना किलोऐवजी पौंडांचा गुणक, ०.८ ऐवजी १.७७, वापरला गेला होता. विमान तरंगत आणून जुन्या धावपट्टीवर उतरवले गेले आणि माणसे वाचली.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. उन्हात तापलेले इंधन फुगते आणि घनता ०.७८ च्या आसपास उतरू शकते. मग ४८५ लिटरमध्ये ३८८ नव्हे, ३७८ किलो येतात. २१ पौंड कमी, म्हणजे कंटिजन्सीचा थर जवळजवळ संपला. पावतीवर त्या दिवशीची घनता मागा, तिनेच भागा, आणि लॉगवर पौंड, किलो, लिटर असे तिन्ही आकडे एकाखाली एक, एककासह लिहा.

पिस्टन विमानात शेवटची तपासणी डोळ्यांनी होते. टाकीत मोजपट्टी बुडवून ओली रेघ पाहायची आणि ती लॉगच्या आकड्याशी जुळवायची. १७२ एसला प्रत्येक पंखाखाली पाच आणि पुढे तीन अशा तेरा ठिकाणांहून थोडे इंधन काढून पाहावे लागते. शंभर एलएल, म्हणजे पिस्टन विमानाचे पेट्रोल, निळसर दिसते. काचेच्या तळाशी रंगहीन थेंब वेगळा होऊन हलला तर ते पाणी. काढत राहायचे, थेंब यायचा थांबेपर्यंत.

प्रश्न : वजन मर्यादेत असले तरी समतोलाचा हिशेब वेगळा का करायचा? आणि इंधन जळत गेल्यावर गुरुत्वमध्य मागे जातो की पुढे?
— अमळनेर

वजन किती आहे आणि ते कुठे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मध्य फार मागे गेला तर स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर, नाक खाली आणणे अवघड होते, फार पुढे गेला तर उतरताना नाक उचलत नाही.

१७२ एसचे उदाहरण घेऊ. रिकामे विमान १७०० पौंड, हात (ठरलेल्या आरंभरेषेपासूनचे अंतर) ४० इंच. पुढच्या सीटवर दोघे मिळून ३४०, हात ३७. मागे एक जण १७०, हात ७३. इंधन ४० गॅलन, गॅलनला ६ पौंडांनी २४०, हात ४८. मागे पिशवी ३०, हात ९५. वजन गुणिले हात म्हणजे मोमेंट. ते अनुक्रमे ६८०००, १२५८०, १२४१०, ११५२० आणि २८५०. बेरीज १०७३६०. एकूण वजन २४८०. भागाकार ४३.३ इंच. कमाल वजन २५५० पौंड, त्या वजनाला मर्यादा ४१ ते ४७.३. चालले.

इंधनाचा हात ४८, मध्य ४३.३. इंधन मध्याच्या मागे आहे, तेव्हा ते जळले की मध्य *पुढे* सरकतो. वीस गॅलन गेल्यावर ४३.०५ होतो. टाक्या रिकाम्या धरल्या तर ४२.८. म्हणून निघताना, उतरताना आणि शून्य इंधनाला असे तीनदा पाहायचे. सगळ्या विमानांत तो पुढेच सरकतो असे नाही, टाकी कुठे आहे त्यावर ठरते.

याच विमानात मागे आणखी एक १७० पौंडांचा माणूस बसवला तर वजन २६५०. शंभर पौंड काढावे लागतील, म्हणजे जवळजवळ १७ गॅलन. उरले २३ गॅलन, ताशी ९ ने अडीच तास, त्यातून ४५ मिनिटे राखीव. चार मोठी माणसे आणि भरलेल्या टाक्या या विमानात एकत्र बसत नाहीत. लहान विमानात माणसांचे वजन अंदाजाने धरू नका. काट्यावर उभे करा, पिशवीही हातात असू द्या. लोक संकोचून पाच-सात किलो कमी सांगतात, आणि चौघांचे मिळून ते एका मोठ्या पिशवीएवढे होते.

प्रश्न : मेटारमधली (विमानतळाच्या हवामान अहवालातली) वेळ आणि घड्याळ जुळत नाही.
— भडगाव

ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे. त्यात साडेपाच तास मिळवा. ०५३० म्हणजे आपले सकाळचे अकरा. खरी गफलत तारखेत होते. १६ मे रोजी पहाटे सव्वापाचला निघणार असाल तर यूटीसीत ती १५ मेची २३४५ आहे. उन्हाळ्यात आपण पहाटेच उडतो, म्हणून ही चूक आपल्याकडे जास्त घडते. प्लॅनमध्ये तारीख १६ लिहिली की तो पूर्ण दिवस उशिराचा होतो आणि टॉवरकडे तुमची नोंदच सापडत नाही.

प्रश्न : फ्लाइट प्लॅन भरताना कोणते रकाने हमखास चुकतात? एफआयसी आणि एडीसी हे क्रमांक कशासाठी?
— नंदुरबार

प्लॅन निघण्याच्या किमान एक तास आधी द्यायचा. रकाना १५ मधला वेग *खरा वेग* असतो, ग्राउंडस्पीड नव्हे. ११० नॉट असेल तर एन अक्षरापुढे ०११०. रकाना १६ मध्ये लागणारा वेळ तास-मिनिटांत चार आकड्यांनी, ३८ मिनिटे म्हणजे ००३८. कोणी ००.६४ लिहिलेले आम्ही पाहिले आहे, कॅल्क्युलेटरवरचा दशांश तसाच उतरवलेला. रकाना १९ मध्ये एन्ड्युरन्स, म्हणजे विमानात *असलेले* सगळे इंधन किती वेळ पुरेल ते. शोधपथक याच आकड्यावरून ठरवते की विमान अजून हवेत असू शकते का, म्हणून तो फुगवू नका. त्याच रकान्यात विमानातली माणसे, स्वतःला धरून. धावपट्टीला चार अक्षरी संकेत नसेल तर चार वेळा झेड लिहून जागेचे नाव रकाना १८ मध्ये द्यायचे.

एफआयसी क्रमांक उड्डाण माहिती केंद्र देते आणि एडीसी हवाई संरक्षणाची परवानगी आहे. रडारवर दिसणारा ठिपका आपला ओळखीचा आहे, हे हवाई दलाला त्यावरून कळते. दोन्ही क्रमांक इंजिन सुरू करण्याआधी हातात हवेत, आणि फोनवर घेतले असतील तर वाचून परत म्हणून दाखवायचे. नियंत्रित उड्डाणाला अर्ध्या तासाहून जास्त उशीर होणार असेल तर तसे कळवावेच लागते. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचना, वाचताना निघायचा आणि उतरायचा विमानतळ पाहून थांबू नका, पर्यायी विमानतळाचेही वाचा. पर्यायी धावपट्टीच दुरुस्तीसाठी बंद असेल तर वरचे १६५ पौंड इंधन कागदावरच राहते.

प्रश्न : ईटीपी आणि पीएनआर. हाई गणित डोकामा बसत नही, भाऊ! सूत्र पाठ आहे, पण ओ (जातानाचा वेग) कुठे आणि एच (परतीचा वेग) कुठे हेच विसरतो.
— एरंडोल

भाऊ, सूत्र बाजूला ठेवा. ईटीपी म्हणजे अशी जागा, जिथून पुढे जायला आणि मागे फिरायला *सारखाच वेळ* लागतो. वारा नसेल तर ती बरोबर मध्यावर. जाताना समोरून वारा असेल तर परत फिरणे सोपे, पुढे जाणे जड. तेव्हा सारखा वेळ लागायला मध्याच्या पुढे जावे लागेल. ईटीपी नेहमी वाऱ्याच्या तोंडाकडे सरकतो, एवढे चित्र डोक्यात ठेवा.

अंतर ३०० मैल, जातानाचा ग्राउंडस्पीड १४०, येतानाचा १८०. ३०० गुणिले १८०, भागिले दोन्ही वेगांची बेरीज ३२०, उत्तर १६९ मैल. मध्य १५०, वारा समोरून, उत्तर १५० च्या पुढे, म्हणजे पटले. वर १४० घेतले असते तर १३१ आले असते. वाऱ्याविरुद्ध जाताना ईटीपी मध्याच्या अलीकडे येऊच शकत नाही, तेव्हा चूक तिथल्या तिथे कळते.

पीएनआरचा संबंध इंधनाशी आहे. जिथून निघालेल्या जागी परत येण्यापुरते इंधन असते, ती शेवटची जागा म्हणजे पीएनआर. राखीव सोडून तीन तासांचे इंधन असेल तर ३ गुणिले १८० भागिले ३२०, म्हणजे एक तास एकेचाळीस मिनिटे. तोपर्यंत २३६ मैल होतात. वारा नसता तर १६० नॉटने २४० झाले असते. वारा कुठल्याही बाजूने आला तरी पीएनआर जवळच येतो, लांब जात नाही.

प्रश्न : मुलगा अकरावी विज्ञानला आहे, वैमानिक व्हायचे म्हणतो. पैसे भरण्याआधी आम्ही काय पाहावे?
— एक आई, पारोळा

ताई, आधी वैद्यकीय तपासणी. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नेमलेल्या डॉक्टरांकडून वर्ग दोनची तपासणी करून घ्या, ती निघाल्यावर वर्ग एकची. चष्मा असल्याने अडत नाही, पण रंगांधळेपणासारखी गोष्ट फी भरल्यावर कळणे फार वाईट. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेतच. राहिले असतील तर मुक्त विद्यालयातून करता येतात. व्यावसायिक परवान्यासाठी वय १८ पूर्ण, उड्डाणाचे २०० तास, आणि लेखी परीक्षांत प्रत्येकी ७० टक्के लागतात. लेखी विषय घरी राहून अभ्यासता येतात. एअर नेव्हिगेशन आणि मीटिऑरॉलॉजी आधी सुटले तर उड्डाणाचे महागडे तास वाया जात नाहीत.

वैद्यकीय तपासणीत अडले तरी या कामाची वाट बंद होत नाही. विमान कंपन्यांत फ्लाइट डिस्पॅचर वर लिहिलेलेच सगळे, इंधन, वजन, हवामान, मार्ग, दिवसभर करतो आणि कप्तानाच्या बरोबरीने त्यावर सही करतो.

प्रश्न : पावसाळ्यात ढगांचा तळ २५०० फूट सांगितला होता. अजिंठ्याच्या रांगेवर आम्ही सर्वांत उंच अडथळा ३२०० फूट धरला होता. मग २५०० वर ढग असताना रांग दिसते कशी, आणि असे उडावे का?
— पाचोरा

दोन आकडे वेगवेगळ्या जमिनीवरून मोजलेले आहेत. ढगांचा तळ विमानतळाच्या जमिनीपासून सांगतात, डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून. जळगावचे ८४० मिळवा, ढगांचा तळ झाला ३३४०. डोंगर ३२००. मध्ये फट १४० फुटांची. रांग दिसते ती त्या फटीतून, आणि दरीतून वर चढणाऱ्या दमट हवेने माथ्यावर ढग आणखी खाली येतो, मग तीही उरत नाही.

नियोजनात अडथळ्यावर १००० फूट ठेवायचे, म्हणजे ४२००. पहिल्या प्रश्नातल्या मार्गाने, त्याच वाऱ्यात जाताना १९१ च्या ट्रॅकला सम हजार अधिक पाचशे, म्हणून ४५००. डोळ्यांनी उडायचे, म्हणजे व्हीएफआर, तर दहा हजार फुटांखाली दृश्यता ५ किलोमीटर, ढगांपासून आडवे १५०० मीटर आणि उभे ३०० मीटर अंतर हवे. ३३४० वर ढगांचा तळ असताना ४५०० फूट शक्य नाही. हे उड्डाण जमिनीवरच रद्द होते. सातपुड्याकडे, शिरपूर-चोपड्याच्या उत्तरेला, तर ढग चढत्या उतारालाच चिकटतात आणि खालून जाणाऱ्याला पुढची दरी उघडी आहे की बंद, हे कळत नाही.

निघताना आकाश उघडे होते आणि वाटेत ढग खाली आले, तर काय करायचे ते जमिनीवरच ठरवा. रांग जळगावपासून साधारण २५ मैलांवर येते. परतीची रेषा १५ मैलांवर धरा, १०४ नॉटने नवव्या मिनिटाच्या आत. लॉगमध्ये तिथे आडवी रेघ मारून समोर लिहून ठेवा : माथ्यावर मोकळे आकाश दिसत नसेल तर वळण, हेडिंग ००१, ग्राउंडस्पीड ११२, जळगाव आठ मिनिटे.